आव्हानवीर ठरवतं कोण? मुष्टियुद्धातल्या पट्ट्यांचा हिशेब

१३ सप्टेंबर २०२५ रोजी लास व्हेगासच्या अलिजायंट स्टेडियममध्ये सत्तर हजार प्रेक्षकांसमोर टेरेन्स क्रॉफर्डने सौल ‘कानेलो’ अल्वारेझला गुणांवर हरवलं आणि १६८ पौंड गटातले चारही जागतिक पट्टे एकाच रात्रीत कमरेला बांधले. लढत चांगली झाली, निकालावरही फार कुरबुर झाली नाही. मात्र या लढतीआधी क्रॉफर्ड १६८ पौंडांत एकदाही खेळला नव्हता. त्याच्या खालच्या १६० पौंडांतही नाही. १५४ पौंडांत त्याची एकच लढत झाली होती. तरी दोन वजनगट ओलांडून तो थेट आव्हानवीर म्हणून उभा राहिला.

याच गटात डेव्हिड बेनाविडेझ नावाचा एक जण बरीच वर्षं रांगेत उभा होता. मे २०२२ मध्ये त्याने डब्ल्यूबीसीचा ‘अंतरिम’ पट्टा जिंकला. अंतरिम म्हणजे पुढचा नंबर याचाच, असा साधा अर्थ. २०२३ मध्ये त्याने केलेब प्लांटला हरवलं, मग डिमेट्रियस अँड्रेडला हरवलं. अल्वारेझ मात्र दुसऱ्यांशीच लढत राहिला. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्यासमोर आलेला जर्मेल चार्लोही १५४ पौंडांतूनच वर आलेला होता. शेवटी २०२४ मध्ये बेनाविडेझ कंटाळून १७५ पौंडांत निघून गेला. तिथं २०२५ मध्ये दिमित्री बिवोलने डब्ल्यूबीसीचा पट्टा सोडला आणि संस्थेने बेनाविडेझला घरबसल्या विजेता जाहीर केलं. ज्या लढतीवर त्याचा हक्क होता ती मिळाली नाही आणि जो पट्टा मिळाला तो विजेत्याशी न लढताच.

मग विश्वविजेतेपदाच्या लढतीला उभं राहण्याचा हक्क कमवावा लागतो, की मिळवून दिला जातो?

जत्रेच्या मैदानात जोड कशी लावतात, हे बेळगाव-कोल्हापूरकडच्या वाचकाला सांगायला नको. पैलवानाचं नाव, त्याची तालीम, गर्दी खेचायची ताकद, इनामाची रक्कम, सगळं बघून कमिटी जोड ठरवते. त्यात गैर काही नाही, कारण जत्रेतली कुस्ती स्वतःला जगज्जेतेपद म्हणवून घेत नाही. बुद्धिबळात याच्या उलट. डी. गुकेश डिंग लिरेनसमोर बसला तो एप्रिल २०२४ मध्ये टोरोंटोची कँडिडेट्स स्पर्धा जिंकून. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला आणि तिला कँडिडेट्सचं दार उघडलं. शिडीची पायरी कुठली, हे सगळ्यांना दिसतं. व्यावसायिक मुष्टियुद्धात जोड लावली जाते जत्रेसारखी आणि नाव दिलं जातं विश्वविजेतेपदाचं. घोळ इथून सुरू होतो.

साठ खुर्च्या

जगात मान्यता असलेल्या संस्था चार: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. पुरुषांचे वजनगट सतरा धरले तरी पट्टे झाले ६८. त्याशिवाय अंतरिम, ‘सुपर’, ‘रेग्युलर’ वगैरे वेगळे. प्रत्येक संस्था प्रत्येक गटात पहिल्या पंधराजणांची यादी काढते. विजेत्याने ठरावीक मुदतीत पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूशी लढायचं, ही झाली सक्तीची लढत. अधल्यामधल्या लढती पंधरांतल्या कुणाशीही, त्याच्या मर्जीने. म्हणजे एका गटात चार संस्थांच्या मिळून साठ खुर्च्या. बरीच नावं दोन-तीन याद्यांत असतात हे खरं, पण पंधरांच्या आत यायला जगातला पंधरावा असावं लागत नाही, एवढं त्यातून कळतं.

शिवाय एका संस्थेचा विजेता दुसऱ्या संस्थेच्या यादीत सहसा नसतोच. चौघांचे चार वेगळे विजेते असले, तर गटातले तीन सर्वांत तगडे गडी यादीच्या बाहेर. ‘क्रमांक एकचा आव्हानवीर’ हे शब्द ऐकायला भारी वाटतात. प्रत्यक्षात तो जगात पाचवा-सहावाही असू शकतो.

आता पैशाकडे बघू. या संस्था पट्ट्याच्या लढतीला मंजुरी देतात आणि लढणाऱ्यांच्या मानधनातून साधारण ३ टक्के शुल्क घेतात. पट्ट्याच्या लढती जितक्या जास्त आणि जितक्या मोठ्या, तितकं उत्पन्न जास्त. यादी करणारा आणि यादीवर कमावणारा एकच. हिशेब तपासणाऱ्याने दुकानात भागीदारी घेतली तर ताळेबंदाचं काय होईल, तसंच हे. अल्वारेझला हरवणाऱ्या क्रॉफर्डचाच डब्ल्यूबीसी पट्टा डिसेंबर २०२५ मध्ये संस्थेने काढून घेतला, तोही शुल्क भरलं नाही म्हणून. ३ टक्क्यांऐवजी ०.६ टक्के, म्हणजे ३ लाख डॉलर भरा, एवढी सवलत दिली होती, असं संस्थेचं म्हणणं. क्रॉफर्डने पैसे द्यायला साफ नकार दिला आणि त्याच महिन्यात निवृत्ती जाहीर केली. दोन गट ओलांडून आला तेव्हा कुणी त्याला अडवलं नाही. अडवलं ते वसुलीच्या वेळी.

यादीवर विश्वास का बसत नाही, याला जुनी कारणंही आहेत. १९९५ मध्ये जॉर्ज फोरमनची लढत जर्मनीच्या ॲक्सेल शुल्झशी ठरली. शुल्झ आयबीएफच्या यादीत नव्हता. पुढे प्रमोटर बॉब अरम यांनी न्यायालयात शपथेवर सांगितलं की मंजुरीसाठी १ लाख डॉलर द्यावे लागले. आयबीएफचे संस्थापक रॉबर्ट ली यांच्यावर १९९९ मध्ये अमेरिकेत आरोपपत्र दाखल झालं. क्रमवारी समितीचा प्रमुखच तपास यंत्रणांचा साक्षीदार झाला आणि हॉटेलच्या खोलीतली पैशाची देवाणघेवाण छुप्या कॅमेऱ्यात आली. लाचखोरीच्या आरोपांतून ली सुटले, पण करचुकवेगिरी आणि पैशाच्या अफरातफरीत दोषी ठरून २२ महिन्यांची शिक्षा झाली.

डब्ल्यूबीओची गोष्ट तर कुणी सांगितली तर खोटी वाटेल. डॅरिन मॉरिस हा मुष्टियोद्धा ऑक्टोबर २००० मध्ये वारला. संस्थेला पत्ताच नाही. मेल्यानंतरही तो यादीत वर चढत राहिला, सातव्यावरून पाचव्या क्रमांकापर्यंत. तिथं लबाडी नव्हती असं मानलं तरी यादी करणारे लढती बघत नव्हते, एवढं तर उघड आहे.

हल्लीचं उदाहरण फ्रान्सिस एनगानूचं. हा मिश्र मार्शल आर्टमधला जबरदस्त माणूस. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याने आयुष्यातली पहिली व्यावसायिक मुष्टियुद्धाची लढत टायसन फ्युरीशी केली, फ्युरीला एकदा खालीही पाडलं, पण निकालात हरला. खात्यावर एक लढत, एक पराभव. डब्ल्यूबीसीने त्याला हेवीवेट गटात दहाव्या क्रमांकावर बसवलं. वर्षानुवर्षं छोट्या हॉलमध्ये घाम गाळून विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकावर अडकलेल्यांना त्या दिवशी काय वाटलं असेल? मार्च २०२४ मध्ये अँथनी जोशुआने त्याला दुसऱ्याच फेरीत झोपवलं.

थांबण्याची किंमत

नालायक माणसाला संधी मिळाली, याचा राग प्रेक्षकाला येतो. खरं नुकसान होतं ते लायक असून थांबवून ठेवलेल्याचं. मुष्टियोद्ध्याची ऐन उमेदीची वर्षं पाच-सहा. त्यातली दोन-तीन रांगेत गेली की हातात काय उरतं?

ब्रिटनचा डिलियन व्हाइट डब्ल्यूबीसीच्या हेवीवेट यादीत हजाराहून अधिक दिवस पहिल्या क्रमांकावर होता. वाइल्डर आणि फ्युरी आपापसात लढत राहिले. पोट भरायचं तर रिकामं बसता येत नाही, म्हणून व्हाइट धोकादायक लढती घेत राहिला. ऑगस्ट २०२० मध्ये अलेक्झांडर पोव्हेत्किनच्या एका ठोशात तो हरला, मग परतीच्या लढतीत त्याला हरवून पुन्हा रांगेत उभा राहिला. अखेर २३ एप्रिल २०२२ रोजी वेम्बलीवर फ्युरीसमोर आला. त्या लढतीसाठी बंद पाकिटातल्या बोली लागल्या, आपल्याकडे पालिकेच्या निविदा लागतात तशाच. विक्रमी ४१ दशलक्ष डॉलरची बोली जिंकली आणि वाटणी झाली ८०-२०. व्हाइट सहाव्या फेरीत हरला. त्याच वर्षी डिसेंबरात फ्युरीने तोच पट्टा पणाला लावला डेरेक चिसोराविरुद्ध. चिसोराला फ्युरीने आधी दोनदा हरवलेलं, त्याच्या खात्यावर एकूण १२ पराभव आणि शेवटच्या चारपैकी तीन लढतींत हार. त्याला मात्र हजार दिवस थांबावं लागलं नाही.

पूर्वी हे बरं होतं, असं म्हणणाऱ्यांनी आर्ची मूरचा इतिहास वाचावा. तीसच्या दशकापासून लढणाऱ्या मूरला लाइट हेवीवेटची संधी मिळाली ती थेट डिसेंबर १९५२ मध्ये. विजेता जोई मॅक्सिमला १ लाख डॉलरची हमी, मूरच्या हाती आले ८०० डॉलर. वर मॅक्सिमचा मॅनेजर जॅक कर्न्स याला स्वतःच्या कमाईत हिस्सा द्यायची अट. मूर जिंकला. हॅरी विल्सला तर एवढंही मिळालं नाही. १९२० च्या दशकात जॅक डेम्प्सीचा पहिला आव्हानवीर म्हणून सगळे त्याचं नाव घ्यायचे, १९२५ मध्ये करारही झाला होता. विल्स कृष्णवर्णीय होता. लढत कधीच झाली नाही.

मग नियम कडक करावेत, सक्तीची लढत म्हणजे सक्तीची, असं म्हणावं तर आयबीएफचा अनुभव समोर आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्युरीने व्लादिमिर क्लिचकोला हरवलं. करारानुसार क्लिचकोला परतीची लढत देणं भाग होतं. आयबीएफचं म्हणणं, आधी आमचा नंबर एक व्याचेस्लाव ग्लाझकोव्ह. पंधरा दिवसांच्या आत पट्टा काढून घेतला. मग ग्लाझकोव्ह आणि चार्ल्स मार्टिन यांच्यात लढत झाली, तिसऱ्या फेरीत ग्लाझकोव्हचा गुडघा दुखावला आणि मार्टिन ‘विश्वविजेता’. एप्रिल २०१६ मध्ये जोशुआने त्याला दोन फेऱ्यांत गुंडाळला. नियम अक्षरशः पाळला आणि पट्ट्याची किंमतच गेली.

दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९० मध्ये टोकियोत माइक टायसनला हरवणाऱ्या बस्टर डग्लसवर सट्टेबाजांनी ४२ ला १ असा भाव लावला होता. २०१९ मध्ये अँडी रुइझ जोशुआसमोर आला तो उत्तेजक चाचणीत सापडलेल्या जॅरेल मिलरच्या जागी ऐनवेळी, आणि सातव्या फेरीत जिंकला. म्हणून प्रमोटर म्हणतात, लायकी रिंगमध्ये ठरते, कागदावर नाही. ऐकायला बरोबर वाटतं. पण १९५७ मध्ये पीट राडेमाकर हा ऑलिम्पिक विजेता आयुष्यातली पहिलीच व्यावसायिक लढत थेट हेवीवेट विश्वविजेतेपदासाठी लढला. फ्लॉइड पॅटरसनला २.५ लाख डॉलरची हमी मिळवून दिली, म्हणून ती लढत झाली. त्यानेही दुसऱ्या फेरीत पॅटरसनला खाली पाडलं होतं, सहाव्यात हरला. समजा जिंकला असता, तरी त्याच्याआधी रांगेत असलेल्यांवरचा अन्याय पुसला गेला नसता. एखाद्याने संधीचं सोनं केलं म्हणून ती त्याच्या हक्काची होती असं होत नाही.

अमेरिकेने २००० मध्ये मुहम्मद अलींच्या नावाने कायदा केला. क्रमवारीचे निकष जाहीर करा, खेळाडू का वरखाली झाला त्याचं कारण द्या, असं त्यात आहे. जुलै २०२५ मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहात त्यात बदल सुचवणारं विधेयक आलं. एकाच कंपनीने खेळाडूंशी करार करायचा, क्रमवारी लावायची, पट्टाही तिचाच, अशा व्यवस्थेला त्यातून वाट मिळेल. लढती लवकर लागतील यात शंका नाही. पण आज चार दुकानं आहेत, एकाने हाकललं तर दुसऱ्याच्या दारात जाता येतं. एकच दुकान राहिलं तर बेनाविडेझसारख्याने जायचं कुठं?

भारतीयांचा नंबर

भारतासाठी हा प्रश्न लांबचा राहिलेला नाही. बीजिंग ऑलिम्पिकचा कांस्यविजेता विजेंदर सिंग २०१५ मध्ये व्यावसायिक झाला. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून त्याने डब्ल्यूबीओचा आशिया-पॅसिफिक पट्टा मिळवला, ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत वरळीला चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीला हरवलं. असा प्रादेशिक पट्टा हाती आला की त्या संस्थेच्या पंधरांत शिरायला मदत होते, पहिली पायरी हीच. सलग १२ लढती जिंकूनही विश्वविजेतेपदाची लढत लागली नाही. मार्च २०२१ मध्ये पणजीत मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर रशियाच्या आर्टिश लोप्सानने त्याला हरवलं आणि तो विषय तिथंच मागे पडला. त्याला संधी न मिळणं हा मात्र अन्याय म्हणता येणार नाही. त्या बारा जणांत १६८ पौंडांतल्या पहिल्या फळीचा एकही नव्हता.

आता पाळी निशांत देवची. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या या हरियाणवी मुलाला ब्रिटनच्या मॅचरूमने करारबद्ध केलं आणि जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासमध्ये त्याने पहिली लढत पहिल्याच फेरीत जिंकली. मॅचरूम म्हणजे जोशुआच्या लढती भरवणारं घर. विजेंदरच्या मागे एवढं वजन कधी नव्हतं. शिवाय १४० कोटींची बाजारपेठ कोणत्याही संस्थेला खुणावणारी आहे, त्यामुळे निशांतचं नाव पंधरांच्या यादीत लवकर दिसलं तर नवल नाही. त्या दिवशी इथले पेपर मोठे मथळे देतील. तेव्हा त्याच्या नावापुढचा आकडा बघण्याआधी त्याने हरवलेल्यांची नावं बघावीत, आणि त्याला वर सरकवताना कोणाला खाली ढकललं तेही.