गोदाम नसलेली पेढी

चार महिन्यांपूर्वी, एका रविवारी सकाळी, आमच्या गावातील एक जुने कापड व्यापारी आपल्या चिरंजीवांसह माझ्याकडे आले. चहा झाला, प्रकृतीची विचारपूस झाली. तरी शेठजी मुद्द्यावर येईनात. अखेरीस म्हणाले, "साहेब, याने पुण्याची नोकरी सोडायचे ठरवले आहे. मराठीत लिहून ते ब्लॉगवर पाठवण्याचे काहीसे ॲप याने केले आहे. तेच विकून संसार चालवणार म्हणतो. तीन पिढ्या आम्ही दुकान केले. पण ज्या दुकानात माल नाही, गोदाम नाही, मुनीम नाही, ते दुकान आम्हाला समजत नाही. तुम्ही बँकेत हजारो फायली पाहिल्या. हीही एक पाहा."

मी पंधरा दिवसांची मुदत मागितली. याला एक कारण होते. नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असताना एक तरुण कर्जासाठी आला होता. व्यापाऱ्यांच्या हिशेबासाठी संगणकाचा कार्यक्रम लिहून विकण्याची त्याची योजना होती. तारण म्हणून तो फक्त संगणकच देऊ शकत होता आणि तोही कर्जातूनच घ्यायचा होता. मी फाईल परत केली. नियमाप्रमाणे ते योग्यच होते. मात्र मी त्याला एकही प्रश्न विचारला नाही, ही गोष्ट निवृत्तीनंतरही मनात राहिली आहे.

या वेळी प्रश्न विचारायचे ठरवले. मुलाला म्हटले, "बाळ, हाच धंदा एखाद्याने पंधरा-वीस वर्षे केला असेल, तर त्याची हकीकत मला सांग." त्याने 'मार्सएडिट' नावाच्या सॉफ्टवेअरची हकीकत आणून दिली. वाचकांनी ती जाणून घ्यावी अशी आहे.

ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरील स्वतःची लेखनवही. वर्डप्रेस, ब्लॉगर यांसारख्या सेवांवर ती ठेवता येते. मार्सएडिट हे ॲपल कंपनीच्या मॅक संगणकावर चालणारे लेखनाचे साधन आहे. लेख आपल्या संगणकावर निवांत लिहावा, छायाचित्रे जोडावीत, चुका काढाव्यात आणि मग एका आज्ञेने ब्लॉगवर पाठवावा, असे त्याचे काम. आपल्या भाषेत सांगायचे तर ही कच्ची वही. येथे खाडाखोड उरकली की पक्क्या वहीत नोंद होते.

हे साधन मूळचे अमेरिकेतील ब्रेंट सिमन्स यांचे. रँचेरो सॉफ्टवेअर ही त्यांची घरगुती पेढी. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरील नवे लेख एकत्र वाचण्याचे 'नेटन्यूजवायर' त्यांनी आधी केले. त्यातच असलेला लेखनाचा भाग वेगळा काढून २००४ साली मार्सएडिट निघाले. २००५ मध्ये दोन्ही साधने न्यूजगेटर या कंपनीने घेतली आणि सिमन्स तेथे नोकरीस गेले. पुढे २००७ मध्ये मार्सएडिट डॅनिअल जॅलकट यांनी विकत घेतले. हे गृहस्थ पूर्वी ॲपलमध्ये नोकरीस होते. ती सोडून त्यांनी 'रेड स्वेटर सॉफ्टवेअर' ही एका माणसाची पेढी काढली होती. तेव्हापासून मार्सएडिट त्यांच्याकडे आहे.

आता हिशेबाकडे वळू. या धंद्यात दुसरी प्रत तयार करण्यास खर्च जवळजवळ शून्य. मालाला कसर लागत नाही, उंदीर कुरतडत नाहीत. ऐकताना मोह पडावा असेच हे गणित आहे. परंतु प्रत्येक विकलेल्या प्रतीबरोबर एक ग्राहक घरात येतो आणि तो प्रश्न घेऊन येतो. चित्र का दिसत नाही? माझा लेख कोठे गेला? मोठ्या कंपनीत याची उत्तरे देणारा विभाग असतो. येथे कारागीर, विक्रेता, मुनीम आणि तक्रार ऐकणारा एकच माणूस. तो आजारी पडला की पेढी आजारी पडली.

दुसरी गोष्ट जागेची. हे दुकान दोन मालकांच्या जमिनीवर उभे असते. एक मालक संगणक करणारी कंपनी, दुसरा ब्लॉगची सेवा देणारी. यांपैकी कोणीही काही बदलले की आपल्या दुकानाची भिंत पुन्हा बांधावी लागते. ॲपलने २००६ साली मॅकमध्ये इंटेलची चिप आणली आणि २०२० पासून ती काढून स्वतःची बसवण्यास सुरुवात केली. दोन्ही वेळा छोट्या कारागिरांना आपले काम नव्याने तपासून बांधावे लागले. ग्राहकाला या श्रमाचा पत्ता नसतो. त्याचे म्हणणे एवढेच, की काल चालत होते, आज का चालत नाही.

शिवाय ग्राहकही हलतो. फेसबुक आणि ट्विटर आल्यावर ब्लॉग लिहिणाऱ्या कित्येकांनी आपली वही मिटून चावडीवर बोलणे पसंत केले. जे उरले ते निष्ठेने लिहिणारे होते आणि मार्सएडिटची भिस्त अशा लोकांवरच राहिली.

तिसरी गोष्ट अडतीची. ६ जानेवारी २०११ रोजी ॲपलने मॅकसाठी स्वतःची बाजारपेठ उघडली. तेथे गाळा घेतला की ग्राहक आणि वसुलीची चिंता मिटते, पण विक्रीतील ३० टक्के कंपनीचे. म्हणजे ५० डॉलरच्या विक्रीत १५ डॉलर अडत. लहान विकासकांसाठी हा दर १५ टक्के झाला तो २०२१ पासून. या बाजारात आणखी एक अडचण होती. जुन्या ग्राहकाने नवी आवृत्ती घेतल्यास त्याला सवलत देण्याची सोपी सोय नव्हती. आपल्याकडे जुन्या गिऱ्हाइकाचा मान राखणे हा व्यापाराचा पहिला पाठ. म्हणून अनेक विकासक या बाजाराबरोबरच स्वतःच्या संकेतस्थळावरूनही थेट विक्री करतात.

चौथी आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट रोखीच्या प्रवाहाची. मार्सएडिटची तिसरी आवृत्ती २०१० साली निघाली आणि चौथी २०१७ च्या डिसेंबरात. चौथी निघाली तेव्हा तिची किंमत नव्या ग्राहकास ४९.९५ डॉलर होती, जुन्यास २४.९५. अशा धंद्यात नवी आवृत्ती निघाली की पैशाचा लोंढा येतो, मग तो ओसरतो. मधल्या साडेसात वर्षांत लहानसहान दुरुस्त्या होतच राहतात आणि त्या जुन्या ग्राहकास बिनपैशाने मिळतात. हे उत्पन्न पगारासारखे नाही, भाड्यासारखेही नाही. हे एका पिकाचे उत्पन्न आहे आणि पुढचा पाऊस कधी, हे पंचांगात लिहिलेले नाही. जॅलकट यांनी शब्दकोडी सोडवण्याचे आणि इतर काही साधनेही विक्रीस ठेवली, यामागचा शहाणपणा व्यापाऱ्यास वेगळा सांगायला नको.

सिमन्स यांच्या नेटन्यूजवायरचे पुढे काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे. ते आणखी एका कंपनीकडे गेले आणि २०१८ मध्ये त्या कंपनीने हे नाव मूळ कर्त्यास परत दिले. २०१९ मध्ये सिमन्स यांनी त्याची पाचवी आवृत्ती विनामूल्य काढली आणि तिच्या रचनेचा मजकूरही सर्वांना खुला ठेवला. एकाच घरातून निघालेल्या दोन वस्तूंपैकी एक दुकान राहिली, दुसरी पाणपोई झाली. दोन्ही मार्ग सन्मानाचेच. मात्र आपण काय काढतो आहोत, हे पहिल्या दिवशी ठाऊक असावे.

पंधरा दिवसांनी पितापुत्र पुन्हा आले. मी मुलास चार प्रश्न केले. घरखर्चाचे किती महिने हाताशी आहेत? पैसे मोजून घेणारी दहा अनोळखी माणसे आजवर मिळाली का? तू पंधरा दिवस अंथरुणास खिळलास तर ग्राहकास उत्तर कोण देईल? आणि ज्याच्या जमिनीवर दुकान आहे त्याने जागा खाली करण्यास सांगितले, तर जाशील कोठे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहा महिने असे आले. दुसऱ्याचे, चार माणसे. तिसऱ्यास तो गप्प राहिला. चौथ्यास म्हणाला, "काका, लिहिणाऱ्याचा सगळा मजकूर त्याच्या स्वतःच्या संगणकात साध्या फाईलमध्ये राहतो. माझे दुकान बंद झाले तरी त्याचे काही अडणार नाही." हे उत्तर मला आवडले. ग्राहकाची ठेव परत करण्याची व्यवस्था ज्याने आधी केली, त्याच्यावर विश्वास ठेवावा, असे मी बँकेत शिकलो.

शेठजींना मी स्पष्ट सांगितले, की बँकेचे कर्ज काढू नका. हप्त्याची तारीख ठरलेली असते, विक्रीची नसते. घरातून अठरा महिन्यांचा खर्च द्या, तो वहीत त्याच्या नावे लिहा आणि मुदत संपल्यावर दोघांनी बसून आकडे पाहा. मुलास म्हटले, नोकरी सोड, पण ओळखी सोडू नकोस. महिन्यातून चार-पाच दिवस दुसऱ्याचे मजुरीचे काम घे. आणि रोजमेळ लिही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तो मला दाखव.

शेठजी बराच वेळ बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "साहेब, याच्या आईला तुम्हीच सांगा." ते कामही मी केले, चार प्रश्नांपेक्षा ते अवघड होते.

पहिल्या महिन्याचा रोजमेळ आला. अकरा प्रती विकल्या, एकाचे पैसे परत केले, त्रेचाळीस पत्रांना उत्तरे दिली. अकराचा आकडा पाहून मुलगा खजील झाला होता. शेठजींनी काही न बोलता कपाटातून आजोबांची जुनी वही काढली आणि दुकानाच्या पहिल्या महिन्याचे पान त्याच्यासमोर उघडले. त्यात नऊ नावे होती. त्यांपैकी चार उधारीची.