नोकरी आहे, मालक कोठे?

कारखान्यातील कामगार खाते जाऊन ‘पर्सोनेल’ खाते आले आणि तेही जाऊन आता ‘मानव संसाधन व्यवस्थापन’ आले आहे. संसाधन म्हणजे साधनसामग्री. कोळसा, पाणी, पत्रा यांच्या पंक्तीला माणूस बसविला की त्याचा साठा किती ठेवावा, एवढाच प्रश्न उरतो. या शास्त्राच्या परिषदांतून कौशल्यविकास, कर्मचाऱ्यांचे समाधान, गुणी माणसे टिकविण्याची विवंचना यांवर आस्थेने चर्चा होते. त्याची खरी प्रवृत्ती मात्र मीरा-भाईंदरसारख्या शहरात दिसते.

१९८५ साली नगरपरिषद आणि २००२ साली महानगरपालिका झालेल्या या शहरात, मिठागरांच्या शेजारी, भाईंदर पूर्वेला स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे गाळे उभे राहिले. १९८२ च्या संपात मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले होते. त्या पराभवानंतर मोठ्या आवारातील संघटित कामगार विखुरला आणि लहान गाळ्यातील असंघटित मजूर वाढला. गाळ्यात मानव संसाधन अधिकारी नसतो. मुकादम गावाकडून माणसे आणतो, पॉलिशची मजुरी नगावर ठरते आणि मुकादम बदलला की हजेरीही पुसली जाते. याच शहरातून रोज लोकलने अंधेरी-गोरेगावकडे जाणाऱ्या सुशिक्षित तरुणाची स्थिती फारशी निराळी नाही. त्याचा मुकादम म्हणजे मनुष्यबळ पुरविणारी एजन्सी. मोटारसायकलवरून घरोघरी सामान पोहोचविणाऱ्याला तर ‘भागीदार’ म्हणतात. नफ्यात मात्र त्याची भागी नसते. काम करून घेणारा आणि काम करणारा यांच्यामध्ये तिसरा कोणी उभा करावयाचा, म्हणजे जबाबदारी कोणाचीच राहत नाही, हे या व्यवस्थापनाचे मुख्य तंत्र आहे.

या तंत्राचे एक विदारक रूप ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडला दिसले. अमेरिकेतील नागरिकांना करखात्याचे अधिकारी म्हणून दूरध्वनी करून लुबाडणाऱ्या केंद्रांवर ठाणे पोलिसांनी छापे घातले. शेकडो तरुण-तरुणींना चौकशीसाठी नेण्यात आले; प्रारंभी सुमारे ७० जणांना अटक झाली. गुन्ह्याचे समर्थन कोणी करणार नाही. तरीही बारावी किंवा पदवी झालेल्या मुलांना गावातल्या गावात नियमित पगार देणारे ठिकाण हेच असावे, हा शहराच्या रोजगाराविषयीचा गंभीर निष्कर्ष आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. कामगारकपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी आता ३०० कामगारांच्या कारखान्यापासून पुढे लागते. पूर्वी ही मर्यादा १०० होती. कंत्राटी कामगारांविषयीच्या १९७० च्या केंद्रीय कायद्यातील २० ची मर्यादा संहितेत ५० झाली. ही पीछेहाट आहे आणि तिला विरोध झालाच पाहिजे. परंतु भाईंदरच्या गाळ्याला १०० काय अन् ३०० काय, दोन्ही आकडे दूरचेच. तेथील मजुराच्या उपयोगी पडेल अशी एक तरतूद याच संहितांत आहे : कामगाराला नियुक्तिपत्र देणे हे मालकाचे कर्तव्य ठरले आहे. दहांहून कमी माणसांच्या गाळ्यांपर्यंत ती पोहोचत नाही; तेथपर्यंत ती नेण्याची मागणी पक्षाने केली पाहिजे.

नियुक्तिपत्र हा क्षुल्लक कागद वाटेल. पण भरपाई, उपदान, भविष्यनिर्वाह निधी या सर्व हक्कांच्या वाटेवर पहिला प्रश्न ‘तुझा मालक कोण?’ हाच असतो. मुंबई महानगरपालिकेच्या सुमारे २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा मार्ग २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात मोकळा झाला, तो त्यांच्या संघटनेने वर्षानुवर्षे हाच प्रश्न लावून धरला म्हणून.

समाजवादी चळवळीनेही येथे स्वतःचा दोष पाहावा. कायम कामगाराची वर्गणी आणि त्याचा महागाईभत्ता यांभोवती संघटना फिरत राहिल्या. गाळ्यातला मजूर दाराबाहेरच राहिला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन केले, तेव्हा त्यांच्या पाठीशी ना कायदा होता ना मान्यताप्राप्त संघटना. १८९० साली रविवारची सुटी मिळाली, ती अशा चिकाटीमुळे.

आज सभा गेटवर होणार नाही, कारण गेटच उरलेले नाही. कार्यकर्त्यांनी रात्री चाळींत आणि मजुरांच्या खोल्यांवर जावे. प्रत्येकाचे काम, गाळा, मुकादम, मजुरी आणि कामावर लागल्याची तारीख वहीत टिपावी. मोबाईलवर मजुरी आल्याच्या नोंदी जपून ठेवावयास सांगावे. एका औद्योगिक वसाहतीची जरी अशी यादी पुरी झाली, तरी ती घेऊन कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात जाता येईल आणि मालक कोण, याचे उत्तर तेथे मागता येईल.