ओसरीवरून : प्रेक्षकाची जागा

गेल्या हिवाळ्यांत चिरंजीवांकडे टोकियोस तीन महिने राहून आलों. परतल्यापासून जो तो विचारतो, "मास्तर, तिकडे काय काय पाहिलेंत?" विचारणाराची अपेक्षा देवळें, उद्यानें आणि फुजी पर्वत यांच्या वर्णनाची असते. तींहि पाहिलीं. परंतु खरें सांगावयाचें तर त्या नगरांतील माझे बरेच दिवस खेळ पाहण्यांत गेले; आणि परक्या माणसानें तेथें खेळ कोठें व कोणत्या जागीं बसून पाहावा, या शोधांत जें हातीं लागलें तेंच आज या सदरांत लिहिणार आहें.

हें वाचून माझे जुने विद्यार्थी हंसतील. खेळणें एक वेळ क्षम्य, पण दुसऱ्याचा खेळ पाहत बसणें म्हणजे कालाचा केवळ अपव्यय, असें मी वर्गांत नेहमीं सांगत असें. घरींहि तोच न्याय होता. चिरंजीव शाळेच्या क्रिकेट-संघांत सलामीचे फलंदाज होते. शालान्त परीक्षेच्या वर्षीं मीं त्यांची बॅट ट्रंकेंत घालून वर कुलूप लावलें. त्यापूर्वींच्या चार वर्षांत, मैदान घरापासून हांकेच्या अंतरावर असतां, मीं त्यांचा एकहि सामना पाहिला नाहीं. हें आधींच सांगून ठेवतों, कारण पुढें त्याचा संबंध येणार आहे.

गेल्यावर पहिल्याच आठवड्यांत त्यांनीं मला उएनो उद्यानांत नेलें. तेथें झाडांच्या मध्यें बेसबॉलचें एक लहानसें मैदान आहे. भोंवतीं जाळी, तिकीट नाहीं. हौशी लोक खेळतात आणि येणारेजाणारे घटकाभर जाळीशीं उभे राहून पाहतात. या मैदानास मासाओका शिकि या कवीचें नांव दिलेलें पाहून मी थबकलों. शिकि (१८६७–१९०२) म्हणजे हायकू या चिमुकल्या काव्यप्रकारास नवें चैतन्य देणारा कवि. तरुणपणीं त्याला या खेळाचें वेड होतें. फलंदाज, धावणारा इत्यादि अर्थाच्या इंग्रजी संज्ञांना त्यानें जपानी प्रतिशब्द योजिले व त्यांतील कांहीं अद्याप रूढ आहेत. पुढें क्षयानें त्याला अंथरुणास खिळविलें आणि वयाच्या ३४ व्या वर्षीं तो गेला. २००२ सालीं जपानच्या बेसबॉल-कीर्तिमंदिरांत त्याच्या नांवाचा समावेश झाला. कवीचें नांव खेळाच्या मैदानास शोभतें, हें मला तेथें प्रथम कळलें.

दुसरी गोष्ट मला याहूनहि लागली. हा खेळ जपानांत आणला तो एका शिक्षकानें. १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन नांवाचे अमेरिकन गृहस्थ टोकियोंतील एका सरकारी शाळेंत शिकवीत असत. त्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांच्या हातीं चेंडू आणि बॅट दिली. तीच शाळा पुढें टोकियो विद्यापीठांत सामावली. एका मास्तरानें मुलांच्या हातीं बॅट दिली आणि दुसऱ्यानें ती कुलपांत घातली, असा विचार मनांत येऊन मी जाळीपासून दूर झालों.

यानंतर मी मेइजी जिंगू क्रीडांगणावर गेलों. हें १९२६ सालचें. तेथें पुनर्बांधणीची योजना ठरलेली असल्यामुळें ज्यांस जुनें पाहावयाचें असेल त्यांनीं विलंब लावूं नये. व्यावसायिक संघांचे सामने तेथें वसंतापासून शरदापर्यंत होतात. पण आम्ही गेलों तो वासेदा व केइओ या दोन विद्यापीठांचा शरदांतील सामना पाहण्यास. येथें जागा निवडतांना एक गोष्ट लक्षांत ठेवावी. प्रेक्षकांच्या दोन बाजू असतात; एक एका पक्षाची, दुसरी दुसऱ्याची. विद्यार्थ्यांच्या घोषपथकांजवळ बसलें तर वाद्यांचा गजर कानीं येतो, पण स्वस्थता मिळत नाहीं. आमच्यासारख्यांनीं मधल्या बाजूस बसावें. घरून डबा नेण्यास हरकत नसते; सूनबाईंनीं दशम्या व शेंगदाण्याची चटणी दिली होती. बाटल्या व डबे मात्र दारांतच रिकामे करून पेय कागदी पेल्यांत ओतून घ्यावें लागतें. रागाच्या भरांत कोणी कांहीं फेंकूं नये, हाच त्यांतील हेतु असावा.

या सामन्यामागील इतिहास ऐकण्यासारखा आहे. तो १९०३ सालीं सुरू झाला. १९०६ सालीं एका पक्षाचे विद्यार्थी विजयाच्या भरांत प्रतिपक्षाच्या संस्थापकांच्या घरासमोर जाऊन जयघोष करते झाले; दुसऱ्या सामन्यांत फांसा उलटतांच दुसऱ्यांनीं त्याची परतफेड केली. आतां दंगल होणार असें पाहून तिसरा सामना रद्द झाला, आणि दोन्ही विद्यापीठें पुढें १९२५ पर्यंत एकमेकांशीं खेळलींच नाहींत! खेळाडूंचा यांत अपराध नव्हता. प्रेक्षकांना आपली जागा समजली नाहीं म्हणून एकोणीस वर्षें खेळ बंद पडला. मीं पाहिलें तें मात्र असें कीं, सामना संपल्यावर हरलेला पक्ष व जिंकलेला पक्ष, दोघांचेहि घोषनायक उभे राहिले आणि प्रत्येकानें प्रतिपक्षाच्या नांवानें जयघोष केला. सहस्रावधि मुलांनीं त्यांना साथ दिली. इतकी वर्षें शिस्तीवर व्याख्यानें देऊन मला एका वर्गांत जें साधलें नाहीं तें तेथें गातां गातां साधत होतें.

मैदानावर न जातां खेळ पाहूं इच्छिणारांसाठींहि सोय आहे, आणि ती परंपरा जुनी आहे. १९५३ सालीं दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हां घरोघरीं यंत्र घेण्याची ऐपत नव्हती. म्हणून एका प्रसारण-संस्थेनें स्थानकांपाशीं व चौकांत यंत्रें मांडिलीं, आणि १९५४ सालीं रिकिदोझान या मल्लाच्या कुस्त्या पाहण्यास त्यांच्यापुढें अलोट गर्दी लोटली. आज त्या चौकांची जागा इंग्रजी धर्तीच्या मद्यगृहांनीं घेतली आहे. मी एकदां गेलों. मद्य न घेतां चहा मागितला तरी कोणी भुवया उंचावल्या नाहींत. मात्र पैसे आधीं मोजावे लागतात. खरी अडचण घड्याळाची आहे. टोकियोची वेळ आपल्याहून साडेतीन तास पुढें. भारतांत सायंकाळीं साडेसातास सुरू होणारा क्रिकेटचा सामना तेथें रात्रीं अकरास सुरू होतो. इंग्लंडांतील दुपारीं तीनचा फुटबॉल-सामना हिवाळ्यांत तेथें मध्यरात्रीं. आणि रेल्वे तर मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते ती पहांटेपर्यंत. तेव्हां एक तर घर जवळ असावें, नाहीं तर पहिल्या गाडीपर्यंत बसण्याची तयारी असावी. निशि-कासाइ भागांत आपले अनेक भारतीय लोक राहतात; त्यांतील शहाणे असे सामने घरींच पाहतात.

नव्या वर्षाच्या २ व ३ तारखांस हाकोने एकिडेन म्हणून विद्यापीठांची शर्यत होते. तिच्यासाठीं ना तिकीट ना दार. जागा म्हणजे रस्त्याची कड. टोकियोच्या मध्यभागांतून सकाळीं आठ वाजतां निघून डोंगरांतील हाकोनेपर्यंत जावयाचें व दुसऱ्या दिवशीं परत यावयाचें, एकंदर २१७.१ किलोमीटर, प्रत्येक संघाचे दहा धावपटु. १९२० सालीं ती प्रथम झाली तेव्हां शिक्षक तयार करणारी टोकियोची उच्च अध्यापक शाळा जिंकली, हें नमूद करण्याचा मोह मला आवरत नाहीं. धावणाराच्या खांद्यावरून एक पट्टा असतो, त्याला तासुकि म्हणतात. आपला टप्पा संपला कीं तो पुढच्याच्या हातीं द्यावयाचा. आम्ही परतीच्या दिवशीं रस्त्याच्या कडेला उभे होतों. चिरंजीवांनीं नियम सांगितला : परतीच्या वाटेवर पहिल्या संघाच्या मागें वीस मिनिटांहून अधिक राहिलें तर पुढचा धावपटु थांबत नाहीं, तो दुसरा पट्टा घालून निघून जातो. मागून येणारा प्राण पणास लावून टप्प्यावर पोंचतो, तों त्याच्या हातांतील पट्टा घेण्यास समोर कोणीहि नसतें. लोक सर्वांत मागच्याची वाट पाहत थंडींत उभे होते. तो दिसतांच पहिल्याहूनहि मोठ्यानें टाळ्या झाल्या.

निघण्यापूर्वींच्या आठवड्यांत सुमो पाहिला. सुमोचे मोठे मेळे वर्षांत सहा, प्रत्येक १५ दिवसांचा. त्यांतील जानेवारी, मे व सप्टेंबरचे टोकियोस र्योगोकु येथील कोकुगिकान या सभागृहांत भरतात; उरलेले तीन ओसाका, नागोया व फुकुओका येथें. त्या भागांतील एकोइन या बौद्ध मंदिराच्या आवारांत १८३३ पासून नियमानें कुस्त्या होत; १९०९ सालीं तेथें पहिलें सभागृह उभें राहिलें, आणि हल्लींचें १९८५ चें आहे. आखाड्याजवळच्या जागा म्हणजे लहान लहान चौकटी. बहुधा चौघांनीं पादत्राणें काढून गाद्यांवर मांडी घालून बसावयाचें. आपणांस ही बैठक परकी नाहीं. पण गुडघ्यांची तक्रार असणारांनीं वरच्या मजल्यावरील खुर्च्या घ्याव्या. त्या स्वस्तहि असतात. तिकिटें मेळ्यापूर्वीं सुमारें महिनाभर विक्रीस निघतात आणि लवकर संपतात, हें विसरूं नये.

बहुतेक लोक दुपारीं येतात, कारण श्रेष्ठ मल्लांच्या कुस्त्या चारच्या सुमारास सुरू होऊन सहास संपतात. माझी संवय पहिल्या घंटेची. आम्ही सकाळींच जाऊन बसलों. त्या वेळीं खालच्या श्रेणीचीं पोरें लढतात. सुमोंत सुमारें सहाशें मल्ल, पण पगार मिळतो तो वरच्या दोन श्रेणींतील सत्तरांनाच. बाकीचे गुरुगृहीं राहून झाडलोट करतात, स्वयंपाक करतात आणि वाट पाहतात. प्रचंड सभागृह जवळजवळ रिकामें होतें. एक सडपातळ पोरगा आखाड्यांत उतरला. दूरच्या एका चौकटींत एक वृद्ध जोडपें बसलें होतें. त्यांतील म्हाताऱ्यानें दोन्ही हात तोंडाशीं धरून त्या पोराचें नांव पुकारलें. सभागृह रिकामें असल्यामुळें तो हांक सर्वांस ऐकूं गेली. कुस्ती दहा क्षणहि टिकली नाहीं. पोरगा हरला, वांकून नमस्कार करून गेला. म्हातारा टाळ्या वाजवीत राहिला.

"नाना, सकाळच्या कुस्त्यांना बहुधा घरचींच माणसें येतात," चिरंजीव म्हणाले. त्यांच्या मनांत कांहीं नसावें. पण मला पुढें दुपारपर्यंत नीटसें कांहीं दिसलें नाहीं.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत प्रेक्षकाचीं लक्षणें सांगितलीं आहेत. पात्राच्या हर्षानें जो हर्षित होतो, त्याच्या शोकानें शोक पावतो, तो खरा प्रेक्षक, असा त्यांचा आशय. हा भाग मीं कित्येकदां वाचला आहे, आणि पाहणें हें आळशाचें काम असें त्याच तोंडानें सांगितलें आहे. पाहणारा कांहीं करीत नाहीं हें खरें. पण त्याची जागा रिकामी राहिली तर ती खेळणाराला दिसते, हें मला साठी उलटल्यावर समजलें.

परततांना आगगाडींत मीं म्हटलें, "तुझे सामने पाहावयास मीं यावयास पाहिजे होतें."

चिरंजीव कांहीं वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. मग म्हणाले, "नाना, नववींत असतांना मीं एक शतक काढलें होतें. घरीं सांगितलें नव्हतें."

"चौकार किती होते?"

"चौदा," ते तत्काळ म्हणाले. पंचवीस वर्षांपूर्वींचा आंकडा. एक क्षणहि आठवावें लागलें नाहीं.

टोकियोंत पाहिलेली शेवटची जागा मात्र कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकांत सांपडावयाची नाहीं. आराकावा नदीच्या पात्राकांठीं बेसबॉलचीं मैदानें ओळीनें आहेत. रविवारीं तेथें नातवाच्या संघाचा सामना होता. बांधावरील वाळल्या गवतावर सतरंजी टाकून, कानटोपी घालून, मी पहिल्या डावापासून शेवटच्या डावापर्यंत बसलों. शेजारीं चिरंजीव होते. नातवानें चेंडू तीनदां हुकविला आणि बाद होऊन परतला. परततांना त्यानें बांधाकडे पाहिलें. मीं हात वर केला. त्यानेंहि केला.

वाचकहो, ज्यांचीं मुलें तिकडे आहेत त्यांना वरील माहितीचा उपयोग होईलच. परंतु ज्यांस कोठेंहि जावयाचें नाहीं त्यांनीं एवढेंच करावें : आपल्या गांवांतील शाळेचें मैदान घरापासून किती पावलांवर आहे, तें एकदां मोजून पाहावें.