कोयत्याला सुट्टी कधी?

परभणीतील सरकारी नोकर रजा-प्रवास सवलतीवर सहकुटुंब मालवणला जातो, सिंधुदुर्ग पाहतो, मुले वाळूत खेळतात. ही चैन नव्हे, हक्क आहे. गंगाखेडचे ऊसतोड कुटुंबही घर सोडते, तेही महिनोन्‌महिने. पण उचल फेडण्यासाठी, मुलांची शाळा बुडवून. हिशेबात नवरा-बायको मिळून एकच ‘कोयता’! कोयत्याला कसली सहल? फ्रान्समध्ये १९३६ साली पॉप्युलर फ्रंटच्या सरकारने दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्याने दिली, तेव्हा असंख्य कामगारांनी प्रथमच समुद्र पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक पगारी रजा दिली. ती साखर कारखान्याच्या फाटकाआतच राहिली. मध्ये मुकादम उभा करून कारखानदारांनी मालकपण झटकले आहे. तोडणीच्या दरवाढीबरोबर पगारी रजेची मागणीही संघटनांनी आता मांडलीच पाहिजे.