‘पोलीस कारवाई’ म्हटले की प्रश्न सुटतो काय?

‘पोलीस अ‍ॅक्शनच्या आधीचा जन्म’ असे आपले वय सांगणारी माणसे बीड जिल्ह्यात आता थोडी उरली आहेत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली आणि बीडसह सारा मराठवाडा मुक्त झाला. रणगाडे आणि विमाने घेऊन झालेल्या या मोहिमेला लष्कराने ‘ऑपरेशन पोलो’ असे नाव दिले होते. सरकार मात्र तिला पोलीस कारवाई म्हणत राहिले. नाव बदलल्याने तोफेचा गोळा बदलत नाही. बदलतो तो जाब विचारण्याचा अधिकार. युद्ध म्हटले की ते कोणाच्या संमतीने, असे विचारता येते. पोलिसी बंदोबस्त म्हटला की ते सरकारचे रोजचे काम ठरते.

ही कारवाई न्याय्य होती याविषयी समाजवाद्यांच्या मनात संदेह असण्याचे कारण नाही. रझाकारांचा अत्याचार या जिल्ह्याने भोगला आहे. ज्यांनी अंबाजोगाईच्या शाळेत मुलांना शिकवले, त्या स्वामी रामानंद तीर्थांनीच स्टेट काँग्रेसचा लढा चालवला. हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र नव्हतेच, मग युद्ध कसले, हा सरकारचा युक्तिवादही निराधार नव्हता. परंतु उद्दिष्ट न्याय्य असले म्हणजे निर्णयाची रीत तपासायची नाही, असे लोकशाहीत म्हणता येत नाही. न्याय्य कारवाईच्या वेळी जी रीत पडते, तीच पुढे अन्याय्य कारवाईच्या कामी येते.

त्या वेळी काय घडले? ७ सप्टेंबर १९४८ रोजी पंडित नेहरूंनी संविधान सभेच्या कायदेमंडळासमोर हैदराबादविषयी निवेदन केले. रझाकार संघटना मोडावी आणि सिकंदराबादेत भारतीय सैन्य पुन्हा येऊ द्यावे, या मागण्या निजामाकडे केल्याचे सभागृहाला कळले. निवेदन झाले, सैन्य धाडण्यास संमती मात्र मागितली गेली नाही. शिवाय ज्यांच्या भूमीवर सैन्य येणार होते त्या बीडच्या, उस्मानाबादच्या, नांदेडच्या जनतेचा एकही प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता, कारण हैदराबाद संस्थानाने तेथे कोणास पाठवलेच नव्हते.

खरा प्रश्न उभा राहिला तो नंतर. कारवाईच्या काळात आणि तिच्यामागोमाग संस्थानात मुसलमान वस्तीवर भीषण हल्ले झाले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याची पाहणी केली. संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान पाच हजार बळी गेल्याचे तिने नोंदवले. हा अहवाल अनेक दशके जनतेपुढे आला नाही. ज्या सभागृहाने संमती दिलेली नसते, त्याला हिशेब मागण्याचाही हक्क उरत नाही, आणि सरकारला हिशेब देण्याची गरज भासत नाही. रझाकारांनी मारलेल्यांची आठवण दर १७ सप्टेंबरला होते. नंतर मारल्या गेलेल्यांची शासकीय समारंभात कोठे होते?

पुढे संविधान आले, तरी ही उणीव भरून निघाली नाही. सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे असून त्याचा वापर कायद्याने नियंत्रित व्हावा, असे अनुच्छेद ५३ सांगतो. प्रत्यक्षात राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. म्हणजे निर्णय पंतप्रधान आणि त्यांच्या मोजक्या सहकाऱ्यांचा. आणीबाणीची घोषणा संसदेने एका महिन्यात मंजूर करावी लागते; युद्धाला मात्र तशी कोणतीच अट नाही. १९८७ साली भारतीय सैन्य श्रीलंकेत गेले ते राजीव गांधी व जयवर्धने यांच्या सह्यांच्या बळावर. १९९० मध्ये ते परतले तेव्हा सुमारे १,२०० जवान प्राणास मुकले होते. मे २०२५ मधील ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर विरोधी पक्षांनी विशेष अधिवेशन मागितले, चर्चा झाली ती जुलैअखेर, नेहमीच्या पावसाळी अधिवेशनात.

अमेरिकेत तर युद्ध पुकारण्याचा अधिकार संविधानानेच काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला दिलेला आहे. तरीही १९५० साली अध्यक्ष ट्रुमन यांनी तिची संमती न घेता कोरियात सैन्य उतरवले, आणि त्या युद्धालाही ‘पोलीस कारवाई’ म्हणण्यास मान्यता दिली! व्हिएतनामच्या अनुभवानंतर १९७३ साली निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून काँग्रेसने कायदा केला: सैन्य लढाईत उतरवल्यास ४८ तासांत कळवावे आणि मंजुरी न मिळाल्यास ६० दिवसांत लढाई आवरावी. २०११ साली लिबियाच्या वेळी ओबामा सरकारने ‘ही लढाईच नव्हे’ असा अर्थ काढला. जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी संमतीवाचून इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले, आणि अध्यक्षांना आवरण्याचा ठराव सिनेटने ४७ विरुद्ध ५३ मतांनी फेटाळला. कायदा हवाच, पण सभागृहाला कणा नसेल तर कायदा कागदावर राहतो, हा त्यातला धडा.

सभागृहात चर्चा केली तर शत्रू सावध होतो, असे सांगितले जाते. पण हैदराबादविषयी सरकारने आपल्या मागण्या सभागृहात उघड सांगितल्या, त्यानंतर सहा दिवसांनी सैन्य निघाले, आणि तरीही पाच दिवसांत निजाम शरण आला. संमती हवी ती धोरणाला. हल्ल्याची वेळ आणि वाट जाहीर करा, असे कोणी म्हणत नाही. लोकसभेच्या नियमांत गुप्त बैठकीचीही सोय आहे. ३१ मार्च १९७१ रोजी पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव संसदेने केला. त्याने देशाचे बळ घटले नाही, वाढले.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. देशावर आक्रमण झाले तर सरकारने क्षणाचाही विलंब न लावता प्रतिकार करावा. संसदेने मागाहून, ठरलेल्या मुदतीत, त्यावर निर्णय द्यावा. मात्र सैन्य सीमेपार पाठवायचे असेल किंवा आपण होऊन हल्ला करायचा असेल, तर लोकसभेची पूर्वसंमती हवी. आणि कारवाई संपल्यावर तिचा पुरता वृत्तांत, त्यात मेलेल्या सामान्य माणसांच्या आकड्यासह, सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक हवे. अनुच्छेद ५३ मध्येच कायद्याला जागा आहे. त्यासाठी संविधान बदलावे लागत नाही.

हा दिल्लीतील पंडितांचा वाद नव्हे. बीडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा सैन्यभरतीच्या रांगेत उभा असतो. त्याला कोठे आणि कशासाठी पाठवले जाणार, हे त्याच्या बापाने निवडून दिलेल्या खासदाराला विचारलेही जाऊ नये काय? येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर कार्यकर्त्यांनी गावोगावच्या सभांतून हा प्रश्न मांडावा, आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून त्याचे उत्तर घ्यावे.