गोड बोला, पण आधी बोला

संक्रांतीच्या दिवशी आपल्या घराघरांतून जो उपदेश होतो, तो अवघ्या चार शब्दांचा आहे. एवढ्या थोडक्या शब्दांत एवढा मोठा धर्म सांगणारे कीर्तनकार आम्ही पाहिले नाहीत. आम्ही स्वतः तर नाहीच नाही. तीळगूळ घ्या, गोड बोला. पहिल्या दोन शब्दांचे पालन सर्वत्र मनोभावे होते. उरलेल्या दोहोंपैकी 'गोड' हा शब्दही लोक बऱ्यापैकी सांभाळतात, निदान त्या दिवशी सायंकाळपर्यंत. परंतु 'बोला' या शेवटच्या शब्दाकडे कोणाचे लक्ष जात नाही. आणि आज साठी उलटून कित्येक वर्षे झाल्यावर आमची अशी खात्री झाली आहे, की या वाक्यातील खरी आज्ञा तीच आहे. बाकीचे तीन शब्द तिची पूर्वतयारी होत.

प्रथम तिळाचा विचार करू. संस्कृत भाषेत 'स्नेह' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक तेल आणि दुसरा माया. तिळात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते, म्हणून पूर्वजांनी स्नेहाची देवघेव करण्यासाठी तीळच निवडला. आता त्याच भाषेत 'खल' या शब्दाचेही दोन अर्थ आहेत. एक दुर्जन आणि दुसरा घाण्यातून तेल निघून गेल्यावर उरणारी पेंड. एका सुभाषितकाराने या दोन जोडशब्दांवर मोठी मार्मिक कोटी केली आहे. तो म्हणतो, थोडासा दाब पडला की लगेच स्नेह टाकून खल होणारे जे तीळ, ते आम्ही नव्हेत. आम्ही ही कोटी शेकडो कीर्तनांतून सांगितली, श्रोत्यांनी माना डोलावल्या, आणि आम्ही स्वतः मात्र, दाब पडताच, अस्सल पेंड झालो. ती कथा पुढे येईल. कीर्तनात पूर्वरंगाआधी उत्तररंग सांगण्याची रीत नाही.

दुसरा विचार गोडपणाचा. मनूने सत्य बोलावे आणि प्रिय बोलावे असे सांगितले, अप्रिय सत्य टाळावे असेही सांगितले, आणि त्याच श्वासात प्रिय असत्यही बोलू नये अशी ताकीद दिली. पुष्कळ लोक या श्लोकाचा मधला भाग पाठ करतात आणि शेवटचा सोयीस्कर विसरतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. तेथे भगवंतांनी उद्वेग न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर अशा बोलण्याची अट घातली. त्याला त्यांनी तप म्हटले, यावरूनच ते किती अवघड असावे हे ध्यानी यावे. आणि वाल्मीकींच्या रामायणात मारीच रावणाला सांगतो, की राजा, सतत गोड बोलणारी माणसे हवी तेवढी मिळतात. कडू पण पथ्यकर असे बोलणारा दुर्मिळ आणि ते ऐकून घेणाराही दुर्मिळ. पुढे बिभीषणानेही रावणाला हेच सांगितले. एका राक्षसाने एकदा आणि सख्ख्या भावाने एकदा सांगूनही रावणाने ऐकले नाही. लंकेत गोड बोलणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती.

मग गोड बोला याचा अर्थ काय घ्यावा? आम्हांस त्याचे उत्तर शास्त्रापेक्षा हलव्यात सापडते. काटेरी हलवा ज्या माउलींनी घरी केला असेल, त्यांना ठाऊक आहे की त्याला घाई चालत नाही. परात मंद आचेवर ठेवायची, तीळ वा साबुदाणा त्यात घ्यायचा, पाक चमचा-चमचा घालायचा आणि बोटांनी हळूहळू हलवीत राहायचे. तासन् तास हे केल्यावर काटा येतो. तो काटा असतो हे खरे, पण तो साखरेचाच असतो. खऱ्या मित्राचे बोलणे या हलव्यासारखे असते. टोचते, आणि तोंडात धरून ठेवले तर विरघळून गोड होते. आपण मात्र टोचताक्षणीच थुंकून मोकळे होतो.

तिसरा विचार मैत्रीचा. विष्णुशर्म्याने पंचतंत्र रचताना पहिले तंत्र 'मित्रभेद' ठेवले आणि 'मित्रसंप्राप्ती'ला दुसरे स्थान दिले. पुढे हितोपदेशकर्त्या नारायणपंडिताने हा क्रम फिरवला आणि मित्रलाभ आधी घेतला. नारायणपंडित सज्जन असावा. विष्णुशर्मा व्यवहारी होता. त्याला माहीत होते की मैत्री कशी जोडावी हे सांगण्यापूर्वी ती कशी तुटते हे सांगितले पाहिजे. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची मैत्री दमनक कोल्ह्याने तोडली. कशी? त्याने भांडण असे केलेच नाही. याच्या कानी एक घातले, त्याच्या कानी दुसरे घातले आणि ते दोघे एकमेकांशी प्रत्यक्ष बोलणार नाहीत एवढ्या एका गोष्टीवर भरवसा ठेवला. त्या दोघांनी एकदा समोरासमोर विचारले असते, तर दमनकाला उपाशी राहावे लागले असते.

आता उत्तररंग.

आमच्या गावी आमचे एक बालमित्र होते. आमच्याहून तीन वर्षांनी वडील. आम्ही कीर्तनास उभे राहू लागलो तेव्हापासून पेटीची साथ त्यांची. घरी आम्ही एकमेकांना अरेतुरे करीत असू. देवळाच्या पायरीवर पाय ठेवला की ते आम्हांस 'बुवा' म्हणत. २००९ साली रामनवमीच्या उत्सवात कीर्तन संपल्यावर, यजमान व चार प्रतिष्ठित मंडळी समोर असताना, ते म्हणाले, "बुवा, आता पट्टी उतरवा. पांढरी चार सोडा, काळी दोनवर या. वरचा षड्ज ओढून आणावा लागतो आहे."

वाचकहो, हे सत्य होते. हितकरही होते. फक्त चारचौघांत बोलले गेले, म्हणून प्रिय नव्हते. आम्ही पन्नाशीत होतो आणि पन्नाशीतल्या माणसाला त्याचे वय दुसऱ्याने सांगितलेले आवडत नाही. त्या रात्री आम्ही त्यांच्याबरोबर घरी परतलो नाही. पुढे गावातील दमनक कामाला लागले. कोणी आम्हांस येऊन सांगितले, की पेटीवाले म्हणतात, बुवांचे आमच्यावाचून अडते. कोणी त्यांना जाऊन सांगितले, की बुवा म्हणतात, पेटीवाले पैशाला पासरी मिळतात. आम्ही असे म्हटले होते काय? देवाच्या दारात उभा राहणारा माणूस खोटे कशाला सांगेल, म्हटले होते. त्यांनी ते वाक्य खरेच उच्चारले होते की नाही, हे मात्र आम्ही त्यांना कधी विचारले नाही.

आम्ही दुसरा साथीदार घेतला. तरुण, नम्र आणि प्रत्येक तानेला "वाहवा बुवा" म्हणणारा. पट्टी पांढरी चारच राहिली. अशी अकरा वर्षे लोटली. प्रत्येक संक्रांतीला आम्ही गोड बोलण्यावर तास-दीड तास निरूपण केले आणि कीर्तन आटोपून त्यांच्या गल्लीला वळसा घालून घरी आलो.

या अकरा वर्षांत आमच्या वैराला ज्यांनी कवडीची किंमत दिली नाही, अशा गावात दोनच व्यक्ती होत्या. एक आमच्या घरातून आणि एक त्यांच्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे हळदीकुंकू दोन्ही घरांत पूर्ववत चालू राहिले. कोणाची परवानगी विचारली गेली नाही. ज्या घरचे पाणी पिणार नाही असे आम्ही तावातावाने म्हणत होतो, त्या घरून वाणात आलेल्या वाट्यांतून आम्ही वर्षानुवर्षे आमटी पीत होतो, हे आम्हांस फार उशिरा कळले. आमटी तोवर पचली होती.

२०२० साली संक्रांत १५ जानेवारीस आली. त्या रात्रीच्या कीर्तनात आम्ही भर्तृहरीच्या नीतिशतकातील दूध-पाण्याच्या मैत्रीचा दृष्टान्त घेतला. वामनपंडितांनी हे शतक मराठीत आणल्यापासून तो कीर्तनकारांचा आवडता. दुधाने आपल्यात मिसळलेल्या पाण्याला आपला सारा गुण दिला. दूध चुलीवर तापू लागले, तेव्हा मित्राचा ताप पाहून पाण्याने आधी स्वतःला अग्नीत होमले. मित्र गेलेला पाहून दूध उसळले आणि तेही विस्तवात उडी घ्यायला निघाले. तेवढ्यात वरून पाण्याचा शिपका पडला, मित्र परत भेटला आणि दूध शांत झाले. श्रोते गहिवरले. आम्हीही गहिवरलो. शेवटचा षड्ज चिरकला, पण "वाहवा बुवा" झालेच.

घरी आल्यावर आमच्या मंडळींनी ताट वाढले आणि एवढेच म्हटले, "दुधा-पाण्याचं छान सांगितलंत. त्यांनाही ऐकायला बोलवायला हवं होतं."

त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. दुसरा दिवस किंक्रांतीचा. करिदिन, शुभकार्याला वर्ज्य. आम्ही इतरांना मुहूर्त काढून देणारे. पण त्या सकाळी पंचांगाला लांबूनच नमस्कार केला, डब्यात चार लाडू घेतले आणि त्यांच्या दारी गेलो. त्यांनीच दार उघडले. केस पार पांढरे झाले होते. क्षणभर पाहिले आणि म्हणाले, "ये. उशीर केलास."

क्षमेचे जे वाक्य आम्ही रात्रभर घोळवले होते, ते घशातच राहिले. त्यांनी लाडू तोंडात टाकला, पेटीवरचे फडके काढले, भाता उघडला आणि एक स्वर धरून ठेवला. काळी दोन. अकरा वर्षांपूर्वीचा सल्ला ते पुन्हा देत होते, या वेळी शब्दांवाचून. आम्ही गळा त्या स्वराला लावला. वरचा षड्ज ओढावा लागला नाही.

रथसप्तमीला त्यांच्या अंगणात तुळशीपुढे गोवऱ्यांवर दूध उतू जाताना आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. महाशिवरात्र धरून आमची एकत्र नऊ कीर्तने झाली. मार्चमध्ये टाळेबंदी आली, देवळांची दारे मिटली. वर्षभर ते दूरध्वनीवरून पेटी वाजवून दाखवीत आणि आम्ही ऐकत असू. २०२१ च्या मे महिन्यात, महामारीच्या दुसऱ्या लाटेत, ते गेले. खांदा देण्याचीही मुभा त्या दिवसांत नव्हती.

अकरा वर्षे आणि नऊ कीर्तने. हा हिशेब आम्ही कोणाला सांगितला नव्हता; आज सणाच्या पानावर सांगतो आहोत, कारण तो सांगण्याचे स्थळ हेच आहे. आमचा गळा गेला असता तर लोक हळहळले असते. अकरा वर्षे मित्र नव्हता, याची कोणी चौकशीसुद्धा केली नाही, कारण आम्ही सर्वांशी गोडच बोलत होतो.

आज संक्रांतीला आमच्या भ्रमणध्वनीवर दीड-दोनशे तीळगूळ येऊन पडतात. त्या यंत्राला आम्ही दोष देत नाही. त्यातूनच वर्षभर मित्राची पेटी ऐकली. परंतु दोनशे जणांना एकदम पाठवलेला गोडवा हा त्या एका दाराला घातलेला नवा वळसा तर नव्हे ना, हे ज्याने त्याने तपासावे. कोणी म्हणेल, सगळीच भांडणे मिटवण्याजोगी नसतात. मान्य. खरे खलही जगात आहेत आणि त्यांच्याशी सलगी करा असे शास्त्र सांगत नाही. पण अबोला धरलेली माणसे एकेक आठवून पाहावीत. त्यांतल्या कितींनी आपले अहित केले, आणि कितींनी फक्त आपली पट्टी चुकते आहे एवढेच सांगितले?

जाता जाता पंचांगातली एक गोष्ट. आकाशातला सूर्य उत्तरेकडे वळतो तो डिसेंबरच्या २१-२२ तारखेलाच. अयनचलनामुळे आपली मकरसंक्रांत त्यानंतर तीन आठवड्यांहून अधिक काळाने येते. सूर्य वळून गेल्यावर आपण त्याचा सण करतो, आणि तरीही तो सण लागू पडतो. वळायला उशीर झाला म्हणून वळू नये असे नाही. रथसप्तमीपर्यंत अवधी आहे. एक डबा घ्यावा, एक दार ठोठवावे आणि काही सुचले नाही तरी तेथे उभे राहावे. तीळगूळ घ्या आणि बोला. गोडपणाचे मागाहून पाहता येईल.