एकाच शतकाचे दोन वाचक

अठराव्या शतकातील इंग्रजी वाङ्मय आपण परीक्षेपुरते वाचतो. डॉ. जॉन्सनचा कोश १७५५ चा, ‘रासेलस’ १७५९ चे; नोट्समध्ये एवढे असले की भागते. पण ही पुस्तके आपल्याकडे आल्यावर त्यांचे काय झाले, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत येत नाही. माझ्या मते खरा अभ्यास तेथूनच सुरू व्हायला हवा.

‘रासेलस’चे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले व त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी पुरे केले. १८७४ मध्ये निघालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनचे चरित्रही लिहिले. मराठी निबंधाचा डौल पुष्कळसा अशा वाचनातून आला. हे ऋण मानलेच पाहिजे.

त्याच शतकातला दुसरा इंग्रज टॉमस पेन. कंचुक्या शिवणाऱ्या कारागिराचा मुलगा. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटलेली. अमेरिकेतील वसाहतींवर कर बसवणे कसे न्याय्य आहे, हे १७७५ मध्ये जॉन्सन सांगत होता. पुढच्याच वर्षी पेनने त्या वसाहतींना स्वतंत्र होण्यास सांगितले. त्याच्या ‘राइट्स ऑफ मॅन’बद्दल इंग्लंडच्या सरकारने त्याच्यावर खटला भरला. हेच पुस्तक १८४७ मध्ये पुण्यात जोतीराव फुल्यांनी वाचले. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि सत्यशोधक समाज स्थापन केला. याच जोतीरावांच्या भाषेची ‘निबंधमाले’ने टिंगल केली! एकाच शतकाच्या पुस्तकांतून एकाने भाषेचा अभिमान घेतला, दुसऱ्याने माणसाचा हक्क.

कोणी म्हणेल, हे विचार परके. त्यांच्याच देशाने आपल्याला गुलाम केले. खरे आहे. परंतु विचार कोठे जन्मला यापेक्षा तो कोणाच्या कामी आला, हे पाहावे. १९३० मध्ये डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या नाशकात काळाराम मंदिराच्या दारांशी सत्याग्रही बसले. त्यांतील बहुतेकांनी पेनचे नावही ऐकले नसेल. पण जन्माने कोणी उणा नाही, हेच तेही सांगत होते.

घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या आम्हां मुलांना इंग्रजीच्या तासाला पुढच्या बाकावर बसण्याचा धीर होत नाही. हे वाङ्मय साहेबाचे, नाहीतर शहरातल्या हुशार मुलांचे, असे वाटते. जोतीरावांनी ते कशासाठी वाचले हे कळले, तर ते आमचेही वाटेल. म्हणून प्राध्यापकवर्गाला एकच नम्र विनंती: जॉन्सनच्या तासातली दहा मिनिटे पेनसाठी राखून ठेवावीत.